सात जणांचा डाव ते दहा हजारांची स्पर्धा : वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर मोठी कशी झाली आणि ठाणे-डोंबिवलीतून तिथे जायचा रस्ता उरलाय का?

संध्याकाळी सीएसएमटीहून सुटलेल्या कसारा किंवा बदलापूर लोकलमध्ये चार जणांच्या मांडीवर एक ब्रीफकेस आडवी पडली, की समजायचं, आता डोंबिवलीपर्यंत रमी. ठाणे-कल्याण पट्ट्याला पत्त्यांचं वावडं कधीच नव्हतं. गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट, मे महिन्याच्या सुट्टीत बदाम सात, दिवाळीत तीन पत्ती हे घरोघरी ठरलेलं.

गेल्या काही वर्षांत मात्र मोबाइलवर पत्त्यांचा एक वेगळाच खेळ दिसायला लागला. हूडी आणि गॉगल घातलेला पोरगा, समोर रंगीत चिप्सचा डोंगर आणि खाली बक्षिसाचा कोटींमधला आकडा. हा खेळ म्हणजे पोकर. यातले बरेचसे रील ज्या स्पर्धेचे असतात ती म्हणजे लास व्हेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, म्हणजेच डब्ल्यूएसओपी.

ही स्पर्धा सुरू कशी झाली? इतकी मोठी कशामुळे झाली? बक्षिसाचे पैसे नेमके कोणाचे असतात? आणि महाराष्ट्रात बसलेल्या माणसाला आज कायदा काय सांगतो? एकेक करून बघू.

आधी खेळ समजून घेऊ

तुम्हाला तीन पत्ती येत असेल, तर पोकर अर्धा समजलाच म्हणायचा. डब्ल्यूएसओपीच्या मुख्य स्पर्धेत जो प्रकार खेळतात त्याला 'टेक्सास होल्डम' म्हणतात. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानांची जोडणी सर्वात भारी, तो जिंकला.

प्रत्येक टप्प्यावर चाल वाढवता येते किंवा पॅक करता येतं. तीन पत्तीत जसा बूट असतो, तशी इथे दोन खेळाडूंना आळीपाळीने सक्तीची रक्कम टाकावी लागते. तिला 'ब्लाइंड' म्हणतात.

स्पर्धेतला पोकर मात्र घरच्या डावापेक्षा वेगळा असतो. सगळे सारखीच प्रवेश फी भरतात आणि सगळ्यांना सारख्याच चिप्स मिळतात. या चिप्सना बाहेर काही किंमत नसते, मध्येच उठून त्या वटवता येत नाहीत. ठरावीक वेळाने ब्लाइंडची रक्कम वाढत जाते, त्यामुळे नुसतं गप्प बसून टिकता येत नाही. चिप्स संपल्या की खेळाडू बाहेर. शेवटी सगळ्या चिप्स ज्याच्यासमोर जमतात तो विजेता.

आणि 'सिरीज' का? कारण ही एक स्पर्धा नाही. दर उन्हाळ्यात साधारण सात आठवडे लास व्हेगासमध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या आणि वेगवेगळ्या फीच्या मिळून सुमारे शंभर स्पर्धा होतात. प्रत्येक विजेत्याला सोन्याचं ब्रेसलेट मिळतं. त्यातली सर्वात मोठी ती 'मेन इव्हेंट', फी १० हजार डॉलर. २०२५ च्या दराने साधारण साडेआठ ते नऊ लाख रुपये.

१९७० : सात खेळाडू आणि मतदान

गोष्ट सुरू होते १९६९ मध्ये. अमेरिकेतल्या रिनो शहरातल्या हॉलिडे हॉटेलमध्ये टेक्सासच्या जुगाऱ्यांचा एक मेळावा भरला. तिथे आलेल्या पाहुण्यांपैकी एक होते बेनी बिनियन, लास व्हेगासच्या 'हॉर्सशू' कॅसिनोचे मालक. कल्पना त्यांना आवडली आणि १९७० मध्ये त्यांनी स्वतःच्या कॅसिनोत तसाच डाव मांडला. नाव दिलं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर.

त्या वर्षी स्पर्धा अशी नव्हतीच. सात खेळाडू बरेच दिवस पैशांचे डाव खेळले आणि शेवटी सर्वोत्तम कोण यावर मतदान झालं. असं सांगतात, की पहिल्या फेरीत प्रत्येकाने स्वतःलाच मत दिलं. मग 'दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू कोण' असं विचारलं, तेव्हा जॉनी मॉस यांचं नाव पुढे आलं. त्यांना चांदीचा चषक मिळाला.

१९७१ मध्ये नियम बदलले. चिप्स संपल्या की बाहेर, ही पद्धत आली आणि मॉस पुन्हा जिंकले. १९७२ मध्ये फी १० हजार डॉलर झाली. गंमत म्हणजे मेन इव्हेंटची फी आजही तेवढीच आहे. त्या काळी ती रक्कम फक्त मुरलेल्या जुगाऱ्याकडेच असायची. ब्रेसलेट देण्याची पद्धत १९७६ पासून सुरू झाली.

पुढची तीस वर्षं स्पर्धा हळूहळूच वाढली. मेन इव्हेंटमध्ये शंभराहून जास्त खेळाडू यायला १९८२ उजाडलं. विजेत्याला १० लाख डॉलर पहिल्यांदा मिळाले ते १९९१ मध्ये.

याच काळातला सर्वात गाजलेला खेळाडू म्हणजे स्टू उंगर. १९८०, १९८१ आणि १९९७, असा तीनदा मेन इव्हेंट जिंकलेला. १९९७ च्या विजयाचे १० लाख डॉलर होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये, म्हणजे जेमतेम दीड वर्षात, लास व्हेगासमधल्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत त्यांचा मृतदेह सापडला. वय ४५. वर्षानुवर्षांचं ड्रग्जचं व्यसन आणि रेस-सट्ट्यात उडालेला पैसा हे त्यामागचं कारण. पोकरचा इतिहास सांगताना हे नाव दोन्ही कारणांसाठी घेतात.

२००३ : ८६ डॉलरची शिडी

मग आला ख्रिस मनीमेकर. आडनाव खरंच मनीमेकर. टेनेसी राज्यातला २७ वर्षांचा अकाउंटंट. पोकरस्टार्स या वेबसाइटवर त्याने ८६ डॉलर भरून एक पात्रता स्पर्धा खेळली. अशा स्पर्धेला 'सॅटेलाइट' म्हणतात. तिच्यात जिंकणाऱ्याला रोख पैसे मिळत नाहीत, मोठ्या स्पर्धेची जागा मिळते. मनीमेकरला मेन इव्हेंटची जागा मिळाली आणि ८३८ खेळाडूंना मागे टाकून तो २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला.

त्याच सुमारास टीव्हीवर आणखी एक बदल झाला होता. टेबलाच्या काठाला बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यामुळे प्रेक्षकांना खेळाडूची लपलेली पानं दिसायला लागली. त्याआधी टीव्हीवरचा पोकर म्हणजे काही माणसं गप्प बसलेली, एवढंच. आता कोण थापा मारतोय हे घरी बसलेल्याला कळत होतं आणि समोरच्या खेळाडूला कळत नव्हतं. क्रिकेटमध्ये रिप्लेने जे केलं, ते पोकरमध्ये या कॅमेऱ्याने केलं.

परिणाम आकड्यांतच बघा. मेन इव्हेंटमधले खेळाडू :

- २००३ : ८३९
- २००४ : २,५७६
- २००५ : ५,६१९
- २००६ : ८,७७३

तीन वर्षांत दहापट. २००६ चा विजेता जेमी गोल्ड याला १ कोटी २० लाख डॉलर मिळाले.

स्पर्धेच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. डब्ल्यूएसओपी मोठी झाली ती बड्या जुगाऱ्यांमुळे नाही. छोटी फी भरून नशीब आजमावणाऱ्या लाखो सामान्य माणसांमुळे झाली. शिडी स्वस्त होती, म्हणून गर्दी झाली. त्या शिडीवर चढताना पहिल्याच पायरीवरून घसरलेल्यांचे पैसेही त्याच बक्षिसात होते.

मग अमेरिकेतच ब्रेक लागला

ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेने बेकायदा ऑनलाइन जुगारासाठी बँकांमार्फत पैसे पाठवण्यावर बंदी आणणारा कायदा केला. २००७ मध्ये मेन इव्हेंटचे खेळाडू ६,३५८ वर आले.

दुसरा धक्का १५ एप्रिल २०११ चा. पोकर खेळणारे या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. अमेरिकी न्याय विभागाने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या तीन मोठ्या साइट्सशी संबंधित लोकांवर गुन्हे दाखल केले. फुल टिल्टने खेळाडूंच्या खात्यातले पैसे वेगळे राखलेच नव्हते, ते दुसरीकडे वापरले, असा सरकारी वकिलांचा आरोप होता. हजारो खेळाडूंचे पैसे बराच काळ अडकून पडले. ॲपच्या वॉलेटमध्ये आकडा दिसतो म्हणजे पैसे आहेतच असं नाही, हे तेव्हा अनेकांना कळलं.

तरीही सिरीज टिकली. २००५ मध्येच ती हॉर्सशूमधून रिओ हॉटेलात हलली होती, २०२२ मध्ये लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलांत आली. २०२३ मध्ये मेन इव्हेंटला १०,०४३ आणि २०२४ मध्ये १०,११२ खेळाडू आले. हा विक्रम आहे. २०२४ मध्येच 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' हे नाव आणि हक्क ५० कोटी डॉलरला विकले गेले. घेणारी एनएसयूएस ही जीजीपोकर या ऑनलाइन पोकर साइटमागची कंपनी. म्हणजे ऑनलाइनने वाढवलेली सिरीज शेवटी ऑनलाइनवाल्यांच्याच मालकीची झाली.

बक्षिसाचे पैसे येतात कुठून?

क्रिकेटच्या वर्ल्ड कपमध्ये बक्षीस आयोजक देतात. पोकरमध्ये ते खेळाडूच एकमेकांना देतात.

२०२३ चं उदाहरण घेऊ. १०,०४३ जणांनी प्रत्येकी १० हजार डॉलर भरले. त्यातले ७०० डॉलर आयोजनाचा खर्च आणि फी म्हणून बाजूला गेले, उरलेले ९,३०० बक्षिसात. एकूण बक्षीस झालं ९ कोटी ३३ लाख ९९ हजार ९०० डॉलर. आयोजकांकडे राहिले सुमारे ७० लाख डॉलर, कोणीही जिंकलं तरी.

बक्षीस मिळालं ते १,५०७ जणांना, म्हणजे साधारण १५ टक्के. बाकी ८५ टक्के रिकाम्या हाताने परतले. सर्वात खालचं बक्षीस होतं १५ हजार डॉलर, म्हणजे फी वजा जाता ५ हजार डॉलर. त्यातून मुंबईहून जाण्या-येण्याचं विमानभाडं आणि हॉटेल काढलं तर हातात फार काही उरत नाही. विजेता डॅनियल वाइनमनला मात्र १ कोटी २१ लाख डॉलर मिळाले. रील त्याचीच बनते.

रील बघताना आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा :

- 'एकूण कमाई' म्हणून सांगितला जाणारा आकडा बहुतेकदा फक्त बक्षिसांची बेरीज असतो. भरलेल्या फीचे पैसे त्यातून वजा केलेले नसतात.
- अनेक खेळाडू आपल्या फीचा काही हिस्सा दुसऱ्यांकडून घेतात आणि जिंकल्यावर त्या प्रमाणात बक्षीस वाटून देतात. त्यामुळे जिंकलेली सगळी रक्कम त्यांचीच असेल असं नाही.
- भारतात अशा जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर लागतो, वर अधिभार आणि सेस.

भारतीय नावं कधी आली?

जून २०१७ मध्ये आदित्य सुशांत आणि निपुण जावा या जोडीने 'टॅग टीम' स्पर्धा जिंकली. यात एका संघातले खेळाडू आळीपाळीने एकाच जागेवर बसतात. भारताच्या नावावरची ही पहिली ब्रेसलेट्स. जावाने त्याच वर्षी डब्ल्यूएसओपीची एक ऑनलाइन स्पर्धाही जिंकली. २०१९ मध्ये अभिनव अय्यरने 'द क्लोजर' ही स्पर्धा जिंकून साडेपाच लाख डॉलरहून जास्त मिळवले. २०२४ मध्ये संतोष सुवर्णाने तब्बल अडीच लाख डॉलर फीची स्पर्धा जिंकली. बक्षीस होतं सुमारे ५४ लाख डॉलर.

आपल्या जवळचं व्हेगास : मांडवी

भारतात पोकरच्या मालिका वाढल्या त्या गोव्यात. कारण कायदा. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनना परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरच्या खेळांना. मांडवीत नांगरलेली कॅसिनो जहाजं ही त्याचीच देणगी.

२०१० च्या सुमारास इंडिया पोकर चॅम्पियनशिपसारख्या मालिका गोव्यात भरू लागल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये डेल्टिन रॉयल जहाजावर वर्ल्ड पोकर टूर ही डब्ल्यूएसओपीची प्रतिस्पर्धी मालिकाही आली. मुंबई-ठाण्याच्या खेळाडूंना सर्वात जवळचं कायदेशीर टेबल तेच होतं आणि आजही आहे. ठाण्याला वंदे भारत पकडली की मडगाव. प्रवेशासाठी वय किमान २१ लागतं. एक विरोधाभास असा, की फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना या कॅसिनोंत खेळायला जायची बंदी आहे. डोंबिवलीकर जाऊ शकतो, पणजीकर नाही.

घरबसल्या खेळणाऱ्यांसाठी पोकरबाजी या साइटने २०२१ मध्ये 'नॅशनल पोकर सिरीज' सुरू केली. ऑलिम्पिकसारखी सुवर्ण, रौप्य, कांस्य पदकं आणि राज्यनिहाय पदकतालिकासुद्धा. छोट्या फीच्या सॅटेलाइट इथेही होत्या. म्हणजे मनीमेकरची शिडी डोंबिवलीतल्या वन बीएचकेपर्यंत पोहोचली होती.

महाराष्ट्रात कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मूळ कायदा १८८७ चा आहे, मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. जुगाराचा अड्डा चालवणं हा गुन्हा आहेच, पण तिथे खेळताना सापडणं हासुद्धा. सार्वजनिक जागी पैसे लावून खेळलात तरी पोलिस पकडू शकतात. मात्र कलम १३ नुसार 'निव्वळ कौशल्याच्या' खेळांना हा कायदा लागू होत नाही.

मग कौशल्य कशाला म्हणायचं? यावरचा एक पायाभूत खटला मुंबई राज्याचाच आहे. चमारबागवाला यांच्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांवरून १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जुगार हा व्यापाराच्या मूलभूत हक्कात बसत नाही आणि ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं, ती जुगार नाही.

१९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, कारण पानं लक्षात ठेवावी लागतात, जुळवावी लागतात. त्याच निकालात तीन पानांचा 'फ्लश', म्हणजे आपली तीन पत्ती, हा निव्वळ नशिबाचा खेळ ठरला. शिवाय, क्लबचा मालक डावांतून नफा कमावत असेल तर रमीसुद्धा गुन्हा ठरू शकते, असंही न्यायालयाने बजावलं. 'कोर्टाने रमी लीगल केलीय' असं सांगणारे ही दुसरी ओळ सांगत नाहीत.

पोकर या दोघांच्या मध्ये अडकला आहे. पश्चिम बंगालच्या कायद्यात तो जुगाराच्या व्याख्येतून वगळलेला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला कौशल्याचा खेळ मानलं, तर गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये जुगार. महाराष्ट्राच्या कायद्यात पोकरचं नावच नाही. कॅसिनोंसाठी १९७६ चा एक कायदा होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचा निर्णय घेतला.

ऑगस्ट २०२५ : शिडी काढून घेतली

केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आणला. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी. या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ असेल, तर तो बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी लगेचच पैशांचे डाव थांबवले, पोकरबाजीसुद्धा.

सरकारचा युक्तिवाद असा, की अशा खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात. कंपन्यांचं म्हणणं, की कौशल्याच्या खेळांना जुगाराच्या रांगेत बसवणं चूक आहे आणि यामुळे लोक परदेशी बेकायदा ॲपकडे जातील. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतली आव्हानं सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतली.

दोन्ही बाजू खरं तर एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत. ज्या छोट्या फीने अकाउंटंटला जगज्जेता केलं, तीच छोटी फी लाखो घरांतून रोज थोडी थोडी बाहेर जात होती.

मग तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

- पैसे न लावता ऑनलाइन किंवा घरी पोकर खेळायला अडचण नाही.
- भारतात पैसे लावून ऑनलाइन पोकर चालवण्यावर बंदी आहे. टेलिग्रामवर लिंक पाठवून 'आमचं चालू आहे' म्हणणाऱ्या परदेशी ॲपवर पैसे बुडाले, तर दाद कोणाकडे मागणार? फुल टिल्ट आठवा.
- ठाणे-कल्याणमध्ये फ्लॅट किंवा हॉल घेऊन, जागेचे पैसे किंवा प्रत्येक डावातून कमिशन घेऊन चालणारा डाव १८८७ च्या कायद्याखाली येऊ शकतो. रिंगणात खेळणारेही आले.
- गोव्यातली टेबलं कायदेशीर आहेत, पण स्वस्त नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे.
- खेळणं हातातून सुटतंय, उधारी वाढतेय असं तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या बाबतीत वाटत असेल, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे.

पत्त्यांतलं डोकं वापरून पुढे जायचंच असेल, तर एक रस्ता अजून उघडा आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते. तिथेही बावन्नच पानं असतात, फक्त टेबलावर पैसे नसतात.